जुन्या ट्रेलरचा कोपरा सीलंट मारूनही पुन्हा का गळतो

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे हे गाडीमागे ओढायच्या तुमच्याच कॅम्पिंग ट्रेलरबद्दल आहे का ते लगेच कळेल. पुढच्या एका कोपऱ्यात, बहुतेक वेळा जेवणाच्या बाकामागे, आतला पातळ प्लायवूड काळपट झालाय. अंगठ्याने दाबलं तर दबतो. जोराच्या पावसानंतर बाकाची गादी खालून ओली लागते आणि दार उघडताच कुबट वास येतो. तुम्ही बाहेरून कोपऱ्याच्या पट्टीवर सीलंट मारता. पुढचे काही पाऊस कोरडे जातात. मग एखादी लांबची ट्रिप होते किंवा हिवाळा सरतो, आणि गादी परत ओली. परत दुकान, परत सीलंटची नळी. पट्टीवर पांढरा, राखाडी आणि पारदर्शक असे थर चढलेत, त्यातले निम्मे तुमच्या आधीच्या मालकाचे.

मी बोलतोय ते १९५० ते १९७० च्या दशकांतल्या अमेरिकन ट्रेलरबद्दल: आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा नालीदार पत्रा, आतून इंचाच्या आठव्या भागाएवढा प्लायवूड. यांतल्या गोल पाठीच्या ट्रेलरांना इथे सगळे ‘कॅन्ड हॅम’ म्हणतात. एअरस्ट्रीमसारखे रिव्हेटवाले किंवा बोलर-स्कॅम्पसारखे फायबरग्लासचे असतील तर गळती शोधण्याचा भाग तुम्हालाही उपयोगी पडेल. दुरुस्ती मात्र वेगळी, कारण त्यांच्या भिंतीत हा लाकडी सांगाडाच नसतो.

अमेरिकेच्या मिडवेस्टात आणि कॅलिफोर्नियात राहणारी बरीच मराठी मंडळी हल्ली असे ट्रेलर हजार-दोन हजार डॉलरला उचलतात आणि गॅरेजसमोर उभे करतात. पहिल्या पावसाळी वीकेंडला प्रश्न येतो: ‘कुठलं सीलंट चांगलं?’ प्रश्नच चुकलाय. पुन्हा पुन्हा गळणाऱ्या कोपऱ्याचं दुखणं सीलंटमध्ये नसतं. पत्र्यामागच्या लाकडात स्क्रूची पकड उरलेली नसते, हे दुखणं आहे. ती पकड परत आणल्याशिवाय जगातलं कुठलंही सीलंट तिथे एका हिवाळ्याहून जास्त टिकणार नाही.

आधी खात्री करा, पाणी बाहेरचंच आहे ना?

थंडीत दोन-तीन माणसं रात्रभर आत झोपली, सकाळी चहासाठी शेगडी पेटली, की आतल्या आत भरपूर वाफ तयार होते. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. म्हणजे कॅम्पिंगचा तो छोटा हिरवा एक पौंडी सिलिंडर आत संपवलात तर साधारण पाऊण लिटर पाणी वाफ होऊन भिंतींवर जाऊन बसलं. फर्नेसचा धूर बाहेर जातो, त्याचं पाणीही बाहेर जातं. उघडी शेगडी आणि बिनधुराड्याचे हीटर मात्र सगळं आतच सोडतात.

तपासायला सोपं आहे. संशयित जागेवर फूटभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक-दोन दिवस राहू द्या. खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर ती आतली वाफ आहे. फॉइलच्या मागे, भिंतीकडून ओल आली तर भिंतीत पाणी आहे. दुसरी खूण अशी की वाफेचं पाणी सगळीकडे दिसतं: खिडक्यांच्या चौकटींवर, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर. गळती एकाच अंगाला असते आणि पावसाच्या मागोमाग येते. वाफच निघाली तर छताचा व्हेंट दोन बोटं उघडा ठेवून झोपा. पुढचं काही वाचायची गरज नाही.

हा कोपरा आतून असतो कसा

इथे जरा थांबून बोलतो, कारण हे डोळ्यासमोर आलं की पुढची सगळी दुरुस्ती आपोआप समजते.

कोपऱ्यावर उभी किंवा कमानीसारखी वळलेली जी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिसते, तिच्या मधोमध एक खाच असते आणि खाचेत व्हायनिलची बारीक पट्टी दाबून बसवलेली असते. ती निव्वळ झाकण. तिच्याखाली स्क्रूंची रांग. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली चिकट टेप: पूर्वी लांबीसारखी पुट्टी-टेप वापरत, आता ब्यूटाइल, म्हणजे मऊच राहणारी रबरी टेप. त्या टेपखाली पुढच्या आणि बाजूच्या पत्र्याच्या कडा एकावर एक आलेल्या. आणि सगळ्यांच्या मागे पाऊण इंच जाडीचं लाकूड.

या रचनेत पाणी अडवते ती टेप, आणि टेप पाणी अडवते ती दाबलेली असते म्हणून. दाब देतो स्क्रू, आणि स्क्रू धरून ठेवतं लाकूड. साखळीतली शेवटची कडी सुटली की वरच्या सगळ्या नावापुरत्या उरतात. लाकूड कुजलं, स्क्रू जागच्या जागी फिरायला लागला, टेपवरचा दाब गेला. आता ट्रेलर हायवेवर पिळतो तेव्हा हा सांधा दर खड्ड्याला केसभर उघडतो आणि मिटतो. तुम्ही बाहेरून मारलेलं सीलंट त्या हलत्या फटीवरचा नुसता पापुद्रा असतं. ते कडेने सुटतं, आणि वाईट म्हणजे सुटलेलं दिसतही नाही.

त्यात ऊन-थंडीची भर. अ‍ॅल्युमिनियम दर अंश सेल्सियसला मीटरमागे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. जानेवारीतल्या उणे २० पासून जुलैत तापलेल्या छपराच्या ६० अंशांपर्यंत, साडेचार मीटर अखंड पत्र्याची लांबी सुमारे ८ मिलिमीटर बदलते. खालचं लाकूड रेषांच्या दिशेने त्याच्या जेमतेम पाचव्या भागाएवढं हलतं. हा फरक कुठेतरी जिरायला हवा, तो सांध्यांत आणि स्क्रूंच्या भोकांत जिरतो. म्हणून तिथे कडक होणारं काहीही चालत नाही. भारतातून येताना बॅगेत आणलेलं एम-सील पाइपाला लावा, उत्तम चीज आहे. पण ते एपॉक्सी आहे, हलत्या सांध्यावर तडकणारच. शिवाय फटीत अडकलेलं पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढतं आणि उरलासुरला सांधा उचकटून ठेवतं. ‘हिवाळ्यानंतर परत गळायला लागलं’ याचा अर्थ हा.

व्हायनिलची पट्टीही लबाड. उन्हाने ती काही वर्षांत आखडते. दोन्ही टोकांना इंच-दोन इंच खाच उघडी पडते, तिथून पाणी खाचेत शिरतं आणि थेट स्क्रूंच्या डोक्यांवरून वाहत खाली जातं. खालच्या टोकाला कुणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने सीलंटचा गोळा लावलेला असेल तर ते पाणी खाचेत साठून राहतं आणि सावकाश लाकडात मुरतं. कोपऱ्याच्या पट्टीचं खालचं टोक उघडंच हवं.

बाहेरून न उघडता निदान

पेचकस घ्या आणि कोपऱ्यावरच्या व्हायनिलची पट्टी एका टोकापासून ओढून काढा. ती नवी मिळते, फुटावर विकतात, काढताना तुटली तरी हळहळू नका. आता वरून खाली एकेक स्क्रू हाताने घट्ट करून पाहा. ड्रिल वापरू नका, हाताला जे कळतं ते ड्रिलला कळत नाही. जो स्क्रू अर्ध्या वळशात ठाम थांबतो त्याच्यामागचं लाकूड शाबूत आहे. जो नुसता फिरत राहतो त्याच्यामागे काही नाही. फिरणाऱ्या प्रत्येक स्क्रूशेजारी पत्र्यावर पेन्सिलीने खूण करा. एखादा काढून बघा: आटे गंजलेले आणि त्यांत काळा, ओलसर भुसा अडकलेला. बोटांत चोळला तर चिखल होतो.

बहुतेक वेळा खुणा एका सलग पट्ट्यात येतात आणि त्या पट्ट्याचं वरचं टोक हे पाणी शिरण्याच्या जागेच्या आसपास असतं. आसपास म्हणतोय, नेमकं नाही. आपल्या कोकणातल्या कौलारू घरात कौल फुटलेलं असतं एकीकडे आणि पाणी वाशावरून चालत जाऊन ठिबकतं भलतीकडेच, तसंच इथेही पाणी सांगाड्याच्या फासळ्यांवरून प्रवास करतं. गादी ओली होते ती जागा म्हणजे फक्त प्रवासाचा शेवट.

आतल्या भिंतीला टोचायचा दोन काट्यांचा ओलावामापक तीस-चाळीस डॉलरला मिळतो. घ्याच. हातभर अंतरावर टोचत जा आणि आकडे भिंतीवरच लिहा, नाहीतरी ते पॅनेल जाणार आहे. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. २० च्या वर असेल तर तिथे पाणी येतंय किंवा येऊन राहिलंय. आकड्यांचा नकाशा वरच्या बाजूला निमुळता होत जातो, आणि ते निमुळतं टोक पाहायला शिका.

पाण्याचा पाइप, खालून वर

नेमकं छिद्र शोधायला नळी लागतेच. आधी ट्रेलरची १२० व्होल्टची वायर काढा, बॅटरी सोडवा. आतलं खराब पॅनेल काढून टाका, म्हणजे पत्र्याची मागची बाजू दिसेल. एकजण आत टॉर्च घेऊन, एकजण बाहेर. नळीला पिचकारीचं तोंड लावू नका. पाऊस वरून पडतो, खालून वर फवारा मारलात तर जिथे कधीच गळणार नाही तिथूनही पाणी आत जाईल आणि तुम्ही दिवसभर भलत्याच सांध्याशी झटत बसाल.

सुरुवात खालून करायची. वरून केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. आधी खिडकीखालचा पत्रा, मग खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग कोपरपट्टीचा खालचा तिसरा भाग, असं वर सरकत जा. प्रत्येक जागी दहा-पंधरा मिनिटं पाणी संथ वाहू द्या. घाई हा इथला सगळ्यात मोठा शत्रू. जुन्या फटीतून पाणी आत यायला वेळ लागतो.

आमच्याकडे हा कार्यक्रम साधारण असा चालतो:

‘आलं का?’
‘नाही.’
‘आता?’
‘नाही म्हणाले ना! तू जरा धीर धर... अरे थांब थांब, आलं! दिव्याच्या वायरीवरून येतंय!’

तो दिवा म्हणजे पुढच्या कपाळावरच्या पाच छोट्या मार्कर दिव्यांपैकी एक. कोपऱ्याच्या गळतीत हे दिवे इतक्या वेळा गुन्हेगार निघतात की मी आता नळी कोपऱ्यापर्यंत आली की आधी त्यांच्याकडेच बघतो. प्रत्येक दिव्यामागे वायरीसाठी एक भोक असतं, दिव्याखालचं स्पंज वाळून चुरा झालेलं असतं, आणि वायर पाण्याला थेट कोपऱ्याच्या लाकडापर्यंत नेऊन सोडते.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार खिडकी. जुन्या सरकत्या किंवा पट्ट्यांच्या काचांच्या खिडक्यांच्या खालच्या चौकटीत पाणी बाहेर जायला बारीक खाचा ठेवलेल्या असतात. ‘गळतंय’ म्हणून कुणीतरी त्यांच्यावरच सीलंट फासलं की चौकट पाण्याने भरते आणि पाणी आतल्या बाजूने उतू जातं. दाढीच्या ब्रशने आणि टाचणीने त्या खाचा मोकळ्या करा. एवढ्यानेच गळती थांबली असे ट्रेलर मी पाहिलेत, आणि त्यांच्या मालकांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा वैतागच जास्त होता.

पाण्याने सापडलं नाही तर हवेने शोधा. छताच्या १४ बाय १४ इंचांच्या व्हेंटमध्ये पंखा उलटा बसवा, म्हणजे हवा आत ढकलली जाईल. भोवतीची फट प्लॅस्टिक आणि टेपने बंद करा. सिंकची भोकं, फ्रिजच्या जाळ्या, फर्नेसचं तोंड हेही बंद. गॅसची सगळी बटणं आधी बंद केलेली हवीत, पायलटची छोटी ज्योतसुद्धा. मग बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरा. जिथे बुडबुडे येतात तिथे फट आहे. पानं उडवायचा ब्लोअर लावायचा मोह होतो, तो आवरा. त्याने जुन्या व्हेंटचं झाकण उडून शेजाऱ्याच्या अंगणात जातं.

उघडा, कुजकं काढा, पकड परत आणा

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. ट्रेलर वर्षानुवर्षं शेतात उभा असेल तर भिंतीतल्या काचलोकरीत उंदरांची वस्ती असणार. लेंड्या कोरड्या झाडू नका, हंटा विषाणूचा धोका असतो. जंतुनाशकाने भिजवा, मास्क आणि हातमोजे घालून ओल्यानेच उचला. आणि जुना रंग घासणार असाल तर त्यात शिसं असू शकतं असं धरूनच चाला. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये, तुमचा ट्रेलर बहुधा त्याआधीचा आहे.

स्क्रू काढून कोपरपट्टी सोडवा. ती वाकवू नका. लांब पट्टी दोघांनी धरा, एका टोकाला लोंबकळली की कमानीच्या जागी घडी पडते आणि मग ती पुन्हा कधी पत्र्याला नीट लागत नाही. पत्र्याची कड स्टेपलनी लाकडाला धरलेली असते. पातळ पटाशी आणि पक्कड घेऊन एकेक स्टेपल काढा. कड सुटली की पत्रा तीन-चार इंच हलकेच बाहेर ओढता येतो. छोट्या दुरुस्तीला एवढी जागा पुरते, सगळा पत्रा उतरवायची गरज नाही. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. कुठला पत्रा कुणाच्या वर होता हे महिन्याभराने आठवत नाही, आणि ते उलटं झालं तर पाणी सरळ आत.

आता लाकडात पेचकस खुपसत जा. मऊ लाकूड संपून पेचकस अडतो तिथून पुढे आणखी सहा इंच चांगलं लाकूड मिळेपर्यंत कापा. हे सहा इंच जिवावर येतात, पण बुरशीचे धागे दिसणाऱ्या काळ्या भागाच्या पुढे गेलेले असतात. उरलेल्या लाकडाला बोरेटचं, म्हणजे बुरशी मारणारं द्रावण भरपूर लावा आणि वाळू द्या. वाळू द्या म्हणजे मापक १५ च्या खाली येईपर्यंत. पंखा लावून आठवडा गेला तरी जाऊ द्या.

नवीन तुकडा पाइन किंवा फरचा, गाठी नसलेला. डेक बांधायला वापरतात ते हिरवट, प्रेशर-ट्रीटेड लाकूड इथे अजिबात नको. ‘कुजणार नाही’ म्हणून लोक नेमकं तेच आणतात. त्यात तांब्याची संयुगं असतात आणि ओल मिळाली की ती अ‍ॅल्युमिनियम खातात. दोन वर्षांनी पत्र्यालाच आतून टाचणीएवढी भोकं पडलेली दिसतील. जोड सरळ टोकाला टोक लावून करू नका. तिरकस कापून किंवा बाजूला जोडपट्टी देऊन, पाण्याला दाद न देणाऱ्या लाकडी गोंदाने चिकटवा आणि शिकंजात आवळा.

कूज अगदी वरवरची असेल, दोन-तीन स्क्रूंपुरती, तर पातळ मुरणारं एपॉक्सी पाजून काम भागतं. भोकात गोंद लावलेल्या काड्या ठोकून नव्याने स्क्रू मारायचा उपाय सगळीकडे सांगतात. कपाटाच्या बिजागरीला तो ठीक आहे. हायवेवर हलणाऱ्या कोपऱ्याला नाही.

सिलिकॉन: खरा वेळखाऊ भाग

लाकूड बदलायला दिवस लागतो. जुनं सिलिकॉन काढायला दोन लागतात, आणि बहुतेकांचा सगळा धीर इथेच संपतो. सिलिकॉन खरवडून काढलं तरी त्याचा न दिसणारा थर पत्र्यावर राहतो, आणि त्या थरावर काहीही चिकटत नाही. ब्यूटाइल नाही, पॉलियुरेथेन नाही, रंग नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा धड नाही. मागची सगळी सीलंट का सुटली याचं अर्धं उत्तर या थरात आहे.

प्लॅस्टिकच्या पात्याने जेवढं निघेल तेवढं काढा, मग सिलिकॉन काढायचं द्रावण लावून ठेवा, पुन्हा खरवडा, शेवटी अल्कोहोलने पुसा. अ‍ॅसिटोन नुसत्या अ‍ॅल्युमिनियमवर चालेल, रंगावर आणि प्लॅस्टिकच्या दिव्यांवर नाही. झालं की पाण्याचा थेंब सोडून बघा. थेंब पसरला तर पत्रा स्वच्छ आहे. गोळा होऊन बसला तर थर अजून आहे, परत सुरू करा. कंटाळा आला तर काम उद्यावर टाका, पण हा थर ठेवून पुढे जाऊ नका.

परत बसवताना

ब्यूटाइल टेप इंचाचा आठवा भाग जाड आणि पाऊण ते एक इंच रुंद घ्या. ती कोपरपट्टीच्या मागच्या बाजूला लावायची, पत्र्याला नाही, म्हणजे पट्टी बसवताना सरकत नाही. टेप ताणू नका, ताणलेली टेप नंतर आखडते. तुकडे जोडावे लागले तर जोड पट्टीच्या वरच्या भागात येऊ देऊ नका. हवा उबदार असताना काम करा, थंडीत ब्यूटाइल दगड होतं.

स्क्रू स्टेनलेसचे, ८ नंबरचे, सव्वा इंच. जस्ताचा मुलामा दिलेले स्वस्तात मिळतात आणि गंजतात. स्क्रू हातानेच, वरून खाली, आधी सगळे अर्धे घट्ट करा, मग दुसऱ्या फेरीत पूर्ण. दोन्ही कडांनी टेप बारीक रेघेसारखी बाहेर आली की दाब बरोबर आहे. कुठे बाहेर आली नसेल तर तिथे दाब नाही, म्हणजे तिथे पुन्हा गळणार. पट्टी परत सोडून तेवढ्या भागात टेपचा दुसरा थर द्या. नंतर वरून सीलंट फासून ती जागा झाकू नका.

आणि मग सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. ब्यूटाइल दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यामुळे चार-पाच दिवसांनी स्क्रू किंचित सैल लागतात. तेव्हा पुन्हा एक फेरी मारा, आणि पहिल्या ट्रिपनंतर अजून एक. ती झाल्यावरच बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पात्याने कापा आणि व्हायनिलची नवी पट्टी बसवा. बसवताना तीही ताणू नका, उलट ढकलत-ढकलत थोडी जास्तच भरा आणि वरचं टोक कोपरपट्टीच्या वरच्या झाकणाखाली घाला. पट्टीच्या वरच्या कडेला पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ ओढायची असेल तर ओढा. मी ओढतो. पण ती नसतानाही सांधा कोरडा राहायला हवा.

व्हायनिल, ब्यूटाइल, जुन्या घडणीचे दिवे असं सगळं सामान ऑनलाइन मिळतं. पण इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास राहत असाल तर एक चक्कर माराच. अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर त्याच पट्ट्यात बनतात आणि कारखान्यांचा शिल्लक माल विकणारी दुकानं तिथे आहेत. शिवाय तिथल्या आरव्ही (राहायच्या गाड्या आणि ट्रेलर) हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात जुने ट्रेलर मांडून ठेवलेत. आपल्या ट्रेलरच्या वयाच्या गाडीच्या कोपरपट्ट्या आणि पन्हाळी मुळात कशा बसवत हे डोळ्यांनी पाहिलं की निम्म्या शंका मिटतात.

एवढं करूनही ओल आली तर

मग तो कोपरा नाही, पाणी छपरावरून येतंय. व्हेंटची चौकट, सांडपाण्याच्या वासनळीची टोपी, फ्रिजचं धुराडं आणि असलाच तर एसी, हे ओळीने तपासा. एसीखालचं स्पंजचं गॅस्केट वर्षानुवर्षं दबून सपाट झालेलं असतं. आतून चार बोल्ट आवळून बघा, नाही भागलं तर गॅस्केट बदला, बाहेरून फासू नका. छपराच्या आडव्या सांध्यांना स्वतःहून पसरणारं लॅप सीलंट चालतं, उभ्या भागाला ते ओघळतं. आधीच्या मालकाने वर रबराचं छप्पर चढवलं असेल तर त्यावर पेट्रोलियमचं कुठलंही द्रावण लावू नका, रबर फुगतं. आणि त्याने पांढरा जाड रबरी रंग सगळीकडे फासला असेल तर मन घट्ट करा: सांधे त्याखाली कुठे आहेत ते शोधणं हेच मोठं काम.

छपरावर उभं राहू नका. लाकूड पाऊण इंचाचं आहे आणि तुम्ही त्यापेक्षा जड आहात. शिडीवरून करा किंवा रुंद फळी टाकून आडवे व्हा.

छपराच्या मध्ये पाणी साचत असेल तर खालच्या कमानी बसल्यात. आतून एक कमान बदलेपर्यंत ट्रेलर पुढून दोन इंच उचलून उभा करा, निदान पाणी मागे वाहून जाईल. निळी ताडपत्री बांधून ठेवायची पद्धत मला पटत नाही. ती वाऱ्याने घासून रंग नेते आणि खालची वाफ कोंडते. पत्र्याची शेड मिळाली तर उत्तम, नाहीतर उघडाच राहू द्या.

आतलं नवं पॅनेल लगेच ठोकू नका. घरात कितीही बोलणी खावी लागली तरी तो कोपरा एक-दोन जोराचे पाऊस आणि एक लांब ट्रिप होईपर्यंत उघडा ठेवा. सांध्याखाली टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवा, त्यावर पाण्याचा डाग लगेच दिसतो. मापकाचा आकडा दर वेळी लाकडावरच पेन्सिलीने तारखेसकट लिहा. तो १५ च्या आत टिकला, की फोमचा तुकडा कापून बसवा, प्लायवूड लावा, गादी परत जागेवर टाका.